रिमोटने एका वेळी एकच चेंडू: बॉलिंग मशीनच्या स्वयंचलित फीडरची गोष्ट

नाशिकमध्ये क्रिकेटच्या नेट्सवर बॉलिंग मशीन दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. मुलांना सरावाला सोडायला येणारे पालक जाळीबाहेर उभे राहून ते यंत्र कुतूहलाने पाहतात, आणि थोड्याच वेळात एक प्रश्न हमखास विचारतात. यंत्र चेंडू टाकते हे खरे, पण त्याच्या मागे स्टुलावर उभा राहून एकेक चेंडू आत सोडणारा माणूस कशासाठी? बऱ्याचदा तो माणूस खुद्द प्रशिक्षकच असतो. ज्याने फलंदाजाच्या शेजारी उभे राहून पाय कुठे पडतो, डोके कुठे झुकते हे पाहायचे, तोच वीस मीटर लांब चेंडू भरत बसलेला असतो. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने नवी मुंबईत एकदिवसीय विश्वचषक जिंकल्यापासून मुलींच्या सरावाचा विषयही घरोघरी निघू लागला आहे. जिथे शिकणारे पुष्कळ आणि शिकवणारा एक, तिथे प्रशिक्षकाचे हात मोकळे होणे ही चैन मानता येणार नाही.

या अडचणीवर उपाय म्हणजे रिमोटने चालणारा स्वयंचलित फीडर, म्हणजेच मशीनला एकेक चेंडू भरवणारे जोडयंत्र. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे पत्रा कापणारे, वेल्डिंग करणारे, टर्निंग करणारे कारागीर या शहराला नवे नाहीत. त्यामुळे हा फीडर इथल्या इथे बनवणे पूर्णपणे शक्य आहे. मात्र तो दिसतो तितका साधा नाही. चेंडू पुढे ढकलणे सोपे असते. सांगेपर्यंत त्याला रोखून धरणे आणि सांगितल्यावर नेमका एकच सोडणे, यात या यंत्राची सगळी कसोटी आहे. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीभोवती फिरते.

## आधी मशीन कसे चालते ते पाहू

माणसाऐवजी यंत्राने चेंडू टाकण्याची कल्पना बेसबॉलमधून आली. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या चार्ल्स हिंटन यांनी १८९७ मध्ये बंदुकीच्या दारूवर चालणारे यंत्र तयार केले होते. त्यातून सुटणारा चेंडू पाहून खेळाडू बिचकत, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. आज क्रिकेटमध्ये सर्रास वापरले जाते ते दोन चाकांचे यंत्र. रबरी धावेची दोन चाके विरुद्ध दिशांनी फिरत असतात आणि त्यांच्यामधली फट चेंडूपेक्षा थोडी अरुंद असते. चेंडू फटीत शिरला की चाके त्याला दाबून धरतात आणि आपल्या कडेच्या वेगाने बाहेर भिरकावतात.

आकडे पाहिले की या यंत्राचा जोर लक्षात येतो. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ३३ मीटर. चाकाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल, तर त्याचा घेर ९४ सेंटिमीटर होतो. म्हणजे हा वेग गाठण्यासाठी चाकाला सेकंदाला सुमारे ३५ फेरे, मिनिटाला २,१०० फेरे घ्यावे लागतात. पुरुषांच्या क्रिकेटमधील चेंडूचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम असते आणि या वेगाला त्याच्यात जवळजवळ ९० ज्यूल ऊर्जा असते. दोन्ही बाजूंच्या पॉपिंग क्रीजमधले (फलंदाज जिथे उभा राहतो त्या रेषांमधले) अंतर १७.६८ मीटर आहे, ते कापायला अशा चेंडूला अर्ध्या सेकंदाहून थोडासाच अधिक वेळ लागतो. फलंदाज तयार नसताना चेंडू सुटणे किती धोक्याचे आहे, हे यावरून कळेल.

दोन्ही चाकांचा वेग सारखा ठेवला तर चेंडू सरळ जातो. एकाचा वेग वाढवला की चेंडूला गिरकी मिळते आणि तो हवेत वळतो किंवा टप्प्यानंतर दिशा बदलतो. ही सगळी करामत चाकांची आहे. वेग, दिशा, वळण यांपैकी कशाशीही फीडरचा संबंध नाही. त्याने चेंडू दर वेळी तसाच, त्याच जागी आणि त्याच गतीने चाकांच्या फटीशी आणून द्यायचा असतो.

## चेंडूंची रांग कशी लावायची

पहिला विचार मनात येतो तो मोठ्या नरसाळ्याचा: वर चेंडू ओतावेत आणि खाली एकेक पडावा. प्रत्यक्षात असे नरसाळे हमखास अडते. तोंडाशी दोनतीन चेंडू एकमेकांना टेकून कमान करतात आणि वरचा भार जितका वाढेल तितकी ती कमान घट्ट होते. मग ढवळणारी वेगळी मोटार बसवावी लागते. त्यापेक्षा चेंडू पहिल्यापासून एका रांगेतच ठेवले तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

रांगेसाठी सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप. पण त्याचे माप निवडताना बारकाईने पाहावे लागते. पुरुषांच्या क्रिकेटमधील चेंडूचा व्यास ७१ ते ७३ मिलिमीटर असतो. दुकानात ७५ मिलिमीटर म्हणून मिळणाऱ्या पाइपचे ते माप बाहेरचे असते आणि भिंतीची जाडी वजा केली की आत चेंडू मोकळेपणाने जाणे अवघड होते. दुसरीकडे ११० मिलिमीटरच्या पाइपमध्ये जागा इतकी सैल होते की चेंडू नागमोडी रांगेत बसतात आणि कडेला पाचर मारल्यासारखे अडकतात. ९० मिलिमीटरचा पाइप मात्र बरोबर जमतो. जाडीनुसार त्याचे आतले माप सुमारे ८२ ते ८६ मिलिमीटर भरते आणि चेंडू एकामागोमाग एक, जवळपास सरळ रांगेत घरंगळतात. वरच्या बाजूने सुमारे चार सेंटिमीटर रुंदीची पट्टी उभी कापून काढली की पाइपची पन्हळ होते. तीत किती चेंडू उरले ते लांबून दिसते आणि अडकलेला चेंडू बोटाने सोडवता येतो.

चोवीस चेंडूंसाठी पावणेदोन मीटर लांबीची पन्हळ पुरते. तिला ८ अंशांच्या आसपास उतार दिला तर वरचे टोक खालच्या टोकापेक्षा पाऊण फूटभर उंच जाते. यापेक्षा उतार वाढवल्याने फायदा काही होत नाही, उलट मागच्या चेंडूंचा दाब विनाकारण वाढतो. चोवीस चेंडूंचे वजन पावणेचार किलोपर्यंत जाते, म्हणून पन्हळीचा भार मशीनच्या तिवईवर न टाकता तिच्यासाठी वेगळा स्टँड करावा. तो रुंद पायांचा असावा आणि पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात, कारण चेंडू सोडण्याची जागा गोलंदाजाच्या हाताच्या उंचीवर, दोन मीटरच्या आसपास असते. एवढ्या उंचीवरचा डोलणारा स्टँड फार काळ सरळ राहणार नाही.

## नेमका एकच चेंडू

त्र्यंबकेश्वरला श्रावणी सोमवारी दर्शनाच्या रांगेत उभे राहिलेल्यांना ही युक्ती चटकन कळेल. अशा रांगेत दोन फाटके आहेत असे समजा. बाहेरचे बंद झाल्याखेरीज आतले उघडत नाही, आणि त्यामुळे मागच्या गर्दीने कितीही रेटले तरी दोन फाटकांमध्ये मावतील तेवढीच माणसे पुढे जातात. फीडरमध्ये दोन फाटकांच्या जागी दोन बोटे असतात, म्हणजे सुमारे दहा मिलिमीटर जाडीच्या दोन दांड्या. पुढचे बोट पहिल्या चेंडूला अडवते. हुकूम मिळाल्यावर मागचे बोट पहिल्या आणि दुसऱ्या चेंडूच्या मधल्या खोबणीत उतरते, आणि त्यानंतरच पुढचे बोट वर होते. पहिला चेंडू निघून जातो. मग पुढचे बोट पुन्हा खाली येते, मागचे वर होते आणि सगळी रांग एका चेंडूने पुढे सरकते.

या रचनेचा मोठा गुण असा की कोणत्याही क्षणी दोन्ही बोटे एकाच वेळी वर नसतात. वीज गेली, तार तुटली किंवा मोटार मध्येच थांबली, तरी जास्तीत जास्त एक चेंडू सुटेल; रांगेतले बाकीचे तेवीस जागच्या जागी राहतील. दुसरी एक रीत आहे, ती चार खाचा असलेल्या सुमारे वीस सेंटिमीटर व्यासाच्या चकतीची. तिच्या प्रत्येक पाव फेऱ्याला एक चेंडू पुढे जातो. तीही चांगली चालते, परंतु चकती नेमक्या कोनात थांबली नाही तर एक चेंडू कडेवर लटकत राहतो आणि यंत्राच्या थरथरीने केव्हातरी आपोआप खाली पडतो. म्हणून मी दोन बोटांची रचना अधिक भरवशाची मानतो.

बोटांमधले अंतर ७५ ते ७७ मिलिमीटर ठेवावे, पण छिद्रे गोल न पाडता लांबट पाडावीत. वापरून वापरून चेंडू थोडे फुगतात, काही लंबगोल होतात, आणि दर हंगामात हे अंतर दोनतीन मिलिमीटर इकडेतिकडे करावे लागते. मागच्या बोटाचे टोक पेन्सिलसारखे निमुळते असावे आणि त्याच्यामागे हलकी स्प्रिंग असावी. टोक खोबणीऐवजी चेंडूच्या पाठीवर टेकले, तर कडक दांडी तिथेच अडून मोटारीला जाम करते. स्प्रिंग असली की दांडी जरा दबते, चेंडूच्या उतारावरून घसरते आणि खोबणीत जाऊन बसते. सगळ्या यंत्रात किमतीने सर्वांत स्वस्त असा हा भाग असेल. पण तो टाळला तर सराव दर थोड्या वेळाने थांबतो.

पुढचे बोट चाकांपासून किती लांब असावे, यालाही महत्त्व आहे. ८ अंशांच्या उतारावर स्थिर चेंडूला ३० सेंटिमीटर घरंगळायला पाऊण सेकंद लागतो, तर एक मीटरला जवळपास दीड सेकंद. अंतर जितके जास्त, तितका प्रत्येक चेंडूच्या वेळेत आणि चाकांशी पोचण्याच्या गतीत फरक पडत जातो. म्हणून हे अंतर ३० सेंटिमीटरच्या आत असावे आणि हा शेवटचा तुकडा सरळ, गुळगुळीत आणि मशीनच्या डोक्यालाच पक्का जोडलेला असावा. नाहीतर चेंडूची दिशा बदलण्यासाठी डोके जरा वळवले की फीडरचे तोंड चाकांच्या समोर राहत नाही.

## मोटार कोणती?

बोटे हलवायला फार ताकद लागत नाही. चोवीस चेंडूंची रांग ८ अंशांच्या उतारावर पुढच्या बोटावर जेमतेम अर्ध्या किलोएवढा दाब देते. खरी गरज आहे ती दर वेळी एक पूर्ण आवर्तन करून ठरल्या जागी थांबणाऱ्या मोटारीची. अशी मोटार आपल्या रस्त्यांवर लाखोंच्या संख्येने फिरते आहे, ती म्हणजे मोटारगाडीच्या वायपरची. पाऊस थांबल्यावर वायपर बंद केला तरी पाती मधेच थांबत नाहीत, काचेच्या खालच्या कडेला जाऊनच थांबतात. त्या मोटारीच्या आत यासाठी एक छोटा स्विच असतो. बटण बंद झाले तरी मूळ जागा येईपर्यंत तो वीज चालू ठेवतो आणि जागा आली की मोटार जागीच थांबवतो. तिच्यातील वर्म गिअरमुळे बाहेरून ढकलून ती मागे फिरत नाही, हा आणखी एक फायदा. नाशिकसारख्या वाहनउद्योगाच्या शहरात १२ व्होल्टची जुनी पण चालू वायपर मोटार सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळते.

मोटारीच्या अक्षावर एक क्रँक, म्हणजे फिरणारा आडवा दांडा, बसवावा आणि त्याने एक पट्टी पुढेमागे सरकवावी. पट्टीवरच्या दोन तिरप्या खाचांमध्ये बोटांचे दांडे अडकवले की पट्टी एकीकडे जाताना मागचे बोट आधी खाली येते आणि मग पुढचे वर होते. परतताना हाच क्रम उलटा होतो. खाचा कापताना दोन्ही बोटे खाली असण्याचा काळ थोडा मोठा ठेवावा. हे काम लेझर कटिंगवाल्याकडे पत्र्यात करून घेतले तर हाताने कानस मारण्यापेक्षा कितीतरी बिनचूक होते. मोटारीच्या मंद वेगाला एक आवर्तन सव्वा ते दीड सेकंदात पूर्ण होते.

## रिमोटमध्ये काय काय पाहावे

टीव्हीचा रिमोट अवरक्त प्रकाशावर चालतो आणि उन्हात त्याचा संकेत हरवतो, त्यामुळे तो बाद. मोबाइलच्या ब्लूटूथने काम होते, पण घामाने भिजलेल्या बोटांनी पडदा उघडायचा, अॅप शोधायचे आणि मग बटण दाबायचे, हे सरावात कटकटीचे ठरते. शिवाय फोन वाजला की लक्षही जाते. फाटके आणि शटर उघडण्यासाठी वापरतात तो ४३३ मेगाहर्ट्झचा, किल्लीच्या जुडग्यात मावणारा रेडिओ रिमोट इथे सर्वांत योग्य आहे. त्याचा रिसीव्हर लोखंडी पेटीत बंद करू नये, प्लास्टिकच्या पेटीत ठेवावा, आणि त्याच्या अँटेनाची तार १७ सेंटिमीटर लांब असावी. या लहरींची एकचतुर्थांश लांबी तेवढीच भरते. मग नेटच्या दुसऱ्या टोकापर्यंत संकेत पोचायला अडचण येत नाही.

विकत घेताना एका गोष्टीची खात्री करून घ्यावी. अशा रिसीव्हरमध्ये तीन पद्धती असतात. एकीत बटण दाबलेले असेपर्यंतच रिले चालू राहतो, दुसरीत एकदा दाबले की चालू आणि पुन्हा दाबले की बंद, तिसरीत एका बटणाने चालू आणि दुसऱ्याने बंद. (रिले म्हणजे छोट्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच.) फीडरसाठी पहिलीच पद्धत हवी. दुसरी ठेवली तर एकदा दाबलेले बटण पुन्हा दाबेपर्यंत मोटार फिरतच राहील आणि फलंदाजावर दीड-दीड सेकंदाने चेंडूंचा मारा सुरू होईल.

पहिल्या पद्धतीतही एक खोच आहे. बटण दीड सेकंदापेक्षा जास्त वेळ दाबून धरले तर मोटार थांबण्याऐवजी दुसरे आवर्तन सुरू करते आणि आणखी एक चेंडू सुटतो. म्हणून मध्ये आर्डुइनो नॅनोसारखा काही शे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर बसवावा. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवरचा छोटा संगणक, जो एकच प्रोग्राम सतत चालवत राहतो. बटण कितीही वेळ दाबले तरी तो मोटारीला अर्ध्या सेकंदाचाच इशारा देतो, पुढचे काम वायपरचा स्विच पुरे करतो, आणि बटण सोडून पुन्हा दाबल्याखेरीज दुसरा इशारा देत नाही. मोटारीला वीज देण्यासाठी रिमोटच्या पट्टीवरचा चिमुकला रिले न वापरता गाडीत असतो तसा ३० अँपिअरचा रिले आणि योग्य फ्यूज लावावा, कारण मोटार अडकली की ती नेहमीपेक्षा कितीतरी पट वीज ओढते. रिलेच्या कॉइलला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा जोडायचा असतो, नाहीतर रिले बंद होतानाच्या झटक्याने मायक्रोकंट्रोलर गोंधळतो.

## मग टायमरच का लावू नये?

दर दहा सेकंदांनी चेंडू सुटेल असा टायमर लावला तर रिमोटची भानगडच नको, असे अनेकांना वाटते. बाजारातील काही फीडर तसे चालतातही. पण फलंदाज हेल्मेटचा पट्टा नीट करत असेल, चेंडू जाळीत अडकला असेल, शेजारच्या नेटमधला मुलगा मध्ये धावत आला असेल, यांतले काहीच टायमरला दिसत नाही. माणसाला ते दिसते. शिवाय ठरावीक लयीत चेंडू येऊ लागले की फलंदाज चेंडू पाहण्याऐवजी त्या लयीवर बॅट फिरवू लागतो. सोडायचा की नाही हा निर्णय माणसाचा आणि सोडण्याची क्रिया यंत्राची, ही वाटणी मला सर्वांत योग्य वाटते.

उलट बाजूने, प्रशिक्षकाने घाई केली तरी दोन चेंडूंमध्ये किमान सहा सेकंदांचे अंतर यंत्रानेच राखले पाहिजे. प्रत्येक चेंडू चाकांमध्ये साठलेली ऊर्जा घेऊन जातो, चाके जरा मंदावतात आणि मोटारीला त्यांना पुन्हा पूर्ण वेगावर आणायला वेळ लागतो. त्याआधीच पुढचा चेंडू गेला तर तो कमी वेगाने निघतो आणि आखूड पडतो. गुड लेंग्थचा, म्हणजे ना आखूड ना पुढे पडणाऱ्या टप्प्याचा, सराव चाललेला असताना मध्येच येणारा असा चेंडू पाहून प्रशिक्षक मशीनला दोष देतात, पण बहुतेक वेळा कारण घाईत दिलेला चेंडू हे असते. चाकाच्या बुशीवर लोहचुंबक आणि समोर हॉल सेन्सर (लोहचुंबक जवळून गेल्याचे ओळखणारा भाग) बसवून फेरे मोजता येतात. मग ठरलेला वेग भरल्याशिवाय फीडरने चेंडू सोडायचाच नाही, असा नियम प्रोग्राममध्ये घालता येतो.

## रिमोट चुकून दाबला गेला तर?

ही शंका सर्वांत रास्त आहे आणि तिचे उत्तर एका उपायात संपत नाही. हाताने चेंडू देणारा माणूस आधी चेंडू उंच धरून फलंदाजाला दाखवतो आणि मगच सोडतो. यंत्राला हात नाही, म्हणून त्याच्या जागी दिवा आणि बझर हवा. बटण दाबले की मशीनवरचा पिवळा दिवा लागावा, बझर वाजावा आणि तीन सेकंदांनी चेंडू सुटावा. त्या तीन सेकंदांत बटण पुन्हा दाबले तर चेंडू रद्द व्हावा. दिवा उन्हात वीस मीटरवरून दिसेल इतका प्रखर असावा.

दुसरी गोष्ट विजेची. फीडर सुरू होताना तो नेहमी थांबलेल्या स्थितीतच सुरू झाला पाहिजे. वीज जाऊन परत आली म्हणून आपणहून एकही चेंडू सुटता कामा नये. मशीनच्या मोठ्या मोटारींतून निघणाऱ्या विद्युत गोंगाटाने कधीकधी खोटा संकेत उमटतो. त्यासाठी फीडरला स्वतंत्र १२ व्होल्टची बॅटरी द्यावी, म्हणजे दोघांचा वीजपुरवठा वेगळा राहतो, आणि एक दशांश सेकंद सलग संकेत मिळाल्याशिवाय तो खरा मानू नये.

तिसरी गोष्ट लाल बटणाची, म्हणजे छत्रीसारख्या मोठ्या टोपीच्या इमर्जन्सी स्टॉपची. अनेक जण ते मशीनच्या मुख्य विजेवर बसवतात आणि निश्चिंत होतात. परंतु वीज तोडल्यावरही जड चाके बराच वेळ फिरत राहतात आणि तेवढ्यात एखादा चेंडू आत गेला तर तो बाहेर फेकला जातोच. म्हणून लाल बटणाने फीडरचीही वीज तुटली पाहिजे, आणि तीही मायक्रोकंट्रोलरला न विचारता, थेट तारेतून. चाके पूर्ण थांबल्याचे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज अडकलेला चेंडू काढायला हात घालू नये. चाकांवर जाळीचे आवरण हवे. फलंदाजाच्या अंगावर हेल्मेटसह सगळी साधने हवीत, आणि चेंडू गोळा करण्यासाठी कोणी पुढे जाणार असेल तर त्याआधी रिमोट प्रशिक्षकाच्या खिशातून निघून फीडरच्या पेटीवरच्या खुंटीला टांगला गेला पाहिजे.

फलंदाजाने रिमोट स्वतःजवळ ठेवून एकट्याने सराव करावा का? तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे. क्रीजच्या मागे पायाने दाबायचे बटणही ठेवता येते. तरीही लहान मुलामुलींना एकटे सोडू नये, हे माझे ठाम मत आहे. चेंडू लागला तर धावून जाणारे कोणीतरी तिथे हवे.

## लेदरचा चेंडू चालेल का?

चालतो, पण फीडरला तो आवडत नाही. शिवण चाकांमध्ये दर वेळी वेगळ्या बाजूने येते, त्यामुळे दोन चेंडू सारखे पडत नाहीत, आणि चामडेही लवकर खराब होते. मशीनसाठी मिळणारे खळगे असलेले सिंथेटिक चेंडू अधिक एकसारखे असतात. चेंडू कोणताही असो, एका वेळी पन्हळीत एकाच जातीचे आणि साधारण सारख्या झिजेचे चेंडू भरावेत. टेनिस बॉल ६५ ते ६९ मिलिमीटरचा आणि वजनाने कितीतरी हलका असतो, त्यामुळे त्याच्यासाठी बोटांमधले अंतर बदलावे लागते. दोन्ही एकत्र कधीच भरू नयेत. पावसाळ्यात आणि हिवाळ्यातल्या सकाळी दवाने ओले झालेले चेंडू चाकांत घसरतात, वेग गमावतात आणि भलतीकडे जातात. जुने टॉवेल जवळ ठेवून चेंडू कोरडे करूनच भरावेत.

## तयार फीडर मिळत असताना हा खटाटोप कशाला?

ज्या अकादमीला परवडते तिने आपल्या मशीनच्या कंपनीचाच फीडर घ्यावा. त्याचे माप बरोबर बसते आणि बिघडला तर सुटे भाग मिळतात. परंतु अनेक शाळांकडे आणि सिन्नर, निफाड, इगतपुरीसारख्या ठिकाणच्या क्लबांकडे जुनी मशीन्स आहेत, ज्यांना बसणारा फीडर मिळत नाही. तिथे स्थानिक कारागिराने केलेला फीडर उपयोगी पडतो. दुरुस्तीही गावातच होते. अभियांत्रिकी आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांसाठी हा उत्तम प्रकल्प आहे, कारण यात यांत्रिकी, वीज, प्रोग्राम आणि सुरक्षितता या चारही गोष्टी खऱ्या गरजेपोटी एकत्र येतात. मात्र विद्यार्थ्यांनी केलेला फीडर मुलांसमोर वापरण्याआधी अनुभवी वायरमन आणि फॅब्रिकेटर यांच्याकडून तपासून घ्यावा.

## प्रशिक्षकाच्या हाताची सर येईल का?

येणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. खरा गोलंदाज धावत येतो, त्याचा खांदा, मनगट, बोटे पाहून फलंदाज चेंडू सुटण्याआधीच अंदाज बांधू लागतो. मशीनमध्ये हे काहीच दिसत नाही. फीडर बसवल्यावर तर चेंडू धरणारा हातही दिसेनासा होतो. त्यामुळे वेळ साधण्याची सवय केवळ मशीनवर घडवली तर सामन्यात ती तोकडी पडते. गोलंदाजांसमोरचा सराव आणि प्रशिक्षकाने टाकलेले थ्रो-डाउन यांना पर्याय नाही. एकाच फटक्याची शेकडो वेळा उजळणी करायची असेल, आखूड चेंडू सोडण्याचा सराव करायचा असेल, तिथे मशीन उपयोगी आहे. फीडर आला की प्रशिक्षक त्या उजळणीच्या वेळी फलंदाजापासून चार हातांवर, जाळीच्या सुरक्षित बाजूला उभा राहू शकतो. दोन चेंडूंच्या मधल्या सहा-सात सेकंदांत तो मुलीला सांगू शकतो की तिचा पुढचा गुडघा उशिरा वाकतो आहे, आणि तिचे ऐकून झाल्यावरच पुढचे बटण दाबू शकतो.

## फलंदाजासमोर आणण्यापूर्वी

फीडर तयार झाल्यावर पहिली चाचणी चाके बंद ठेवून करावी. समोर बादली ठेवून पन्हळ पुन्हा पुन्हा भरावी आणि किमान पाचशे आवर्तने पूर्ण करावीत. एकदाही दोन चेंडू एकत्र पडले, तर बोटांमधले अंतर दुरुस्त करून मोजणी पुन्हा एकपासून सुरू करावी. मधूनमधून आवर्तन चालू असताना मुद्दाम वीज तोडावी आणि एकापेक्षा जास्त चेंडू सुटत नाही ना, ते पाहावे. बटण दहा सेकंद दाबून धरावे. रिमोटची बॅटरी काढावी. वायपर मोटारीतल्या थांबण्याच्या जागेच्या स्विचची एक तार मायक्रोकंट्रोलरलाही जोडावी, एक चेंडू जाणूनबुजून अडकवावा, आणि आवर्तन तीन सेकंदांत पूर्ण न झाल्यास मोटार थांबून बझर वाजतो का, हे तपासावे. त्यानंतर चाके कमी वेगाने चालू करून रिकाम्या नेटमध्ये चेंडू सोडावेत आणि टप्पे कुठे पडतात ते खडूने खेळपट्टीवर आखावेत. टप्पे पसरलेले दिसले तर आधी शेवटच्या तीस सेंटिमीटरच्या तुकड्याचा सरळपणा आणि चाकांचा दाब पाहावा, प्रोग्रामकडे नंतर वळावे. हे सगळे सुरळीत पार पडल्यावरच पहिला फलंदाज क्रीजवर उभा करावा, तोही मोठा आणि अनुभवी. आणि त्या पहिल्या सत्रात लाल बटणापाशी एक माणूस पूर्ण वेळ उभा ठेवावा.